लग्नसराईतलं लॉन आणि थंडीतली बुरशी

खालच्या नोंदी आमच्या मंगल कार्यालयाच्या हिरवळीच्या आहेत. जागा आडगाव नाक्याच्या पुढे. खाली काळी माती, वर वीतभर लाल मातीचा भराव, हिरवळ साधारण १४,००० चौरस फूट. स्टेजसमोरच्या मोठ्या मैदानात सिलेक्शन वन आहे. ते हरळीच्याच कुळातलं, वऱ्हाडाच्या पायाखाली टिकतं. कारंज्याभोवती आणि कडुलिंबाच्या रांगेखाली मेक्सिकन आहे, म्हणजे झोयसिया जातीचं. ते सावली सोसतं.

थंडीतल्या लॉनच्या रोगांबद्दल शोधायला गेलं की बर्फाखाली वाढणाऱ्या करड्या आणि गुलाबी बुरशीची माहिती मिळते. नाशकात तिचा काही उपयोग नाही. आपल्याकडे दहिवर पडतं, दिवसा २८ आणि पहाटे ९–१० अंश असा फरक असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नाच्या तारखा असतात. कोणाला असंच लॉन सांभाळायचं असेल तर यातलं काही कामाला यावं.

१६ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं आणि तारखा सुरू झाल्या. सकाळी सातला स्टेजसमोर रुपयाएवढे वाळके ठिपके दिसले. जवळजवळ असलेले ठिपके एकमेकांत मिसळून तळहाताएवढे झालेले. त्यांच्यावर पांढरं जाळं. माळीकाका म्हणाले, कोळ्याची जाळी आहेत, उन्हं आली की जातील.

उन्हं आल्यावर गेली खरी, पण ती कोळ्याची नव्हती. कोळ्याचं जाळं पात्यांच्या शेंड्यांना बांधलेलं, वरच्या वर सपाट ताणलेलं असतं. हे पात्यांच्या मधून खाली उतरलेलं होतं, कापूस पिंजून टाकल्यासारखं, आणि दव सुकलं तसं दिसेनासं झालं. भिंगाखाली एक पातं धरलं. मधोमध पांढरट पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तांबूस रेघ, मधला भाग किंचित आवळलेला, आणि पट्ट्याच्या वरचा शेंडा अजून हिरवा. उन्हाने किंवा पाण्याच्या ताणाने जळालेलं पातं शेंड्याकडून वाळत येतं, असं मधूनच नाही. ही खूण डॉलर स्पॉट या बुरशीच्या रोगाची.

कारंज्याजवळ प्रकार वेगळा. तिथे मेक्सिकनमध्ये चारेक फुटांचा गोल, आतलं गवत विरळ आणि भुरकट, कडेला हातभर रुंदीची नारिंगी झाक. कडेचे फुटवे चिमटीत धरून ओढले तर जोर न लावता हातात आले. मुळं जमिनीतच राहिली. फुटव्याचा बुंधा तपकिरी, कुजलेला. पानावर मात्र एकही डाग नाही. एकाच आवारात दोन वेगळे रोग आहेत असं तेव्हाच वाटलं.

१७ नोव्हेंबर

घरच्या घरी करायची तपासणी: दोन्ही जागची टिचभर ढेकळं गवतासकट खुरप्याने काढली, प्लास्टिकच्या डब्यात ओल्या टिश्यूवर ठेवली, झाकण लावून रात्रभर स्वयंपाकघरात. सकाळी सिलेक्शन वनच्या डब्यात भरपूर पांढरे धागे. मेक्सिकनच्या डब्यात थोडेच, तेही बुंध्याशी आणि मळकट. डब्यात धागे आले म्हणजे रोग चालू आहे. काहीच आलं नाही तर खत, पाणी, कुत्र्याचं मूत, सांडलेलं डिझेल अशी कारणं आधी बघावीत. आमच्याकडे जनरेटरपाशी एक पट्टा दरवर्षी जळतो, तो डिझेलनेच.

२१ नोव्हेंबर

मी धुळ्याला गेलो होतो तेवढ्यात काकांनी सगळ्या मैदानावर फवारणी करून टाकली. पुतण्याची ओझरकडे द्राक्षबाग आहे, त्याच्याकडे उरलेलं डाऊनीचं, म्हणजे द्राक्षावरच्या एका रोगाचं औषध. नाशकात कुठलीही बुरशी म्हटली की आधी द्राक्षाचंच औषध आठवतं, त्यात काकांचा दोष नाही. इथे घरटी एक तरी द्राक्ष-सल्लागार असतोच.

बाटली बघितली तर डायमेथोमॉर्फ. डाऊनीचा जीव बुरशीसारखा दिसत असला तरी खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, आणि हे औषध त्याच कुळावर चालतं. आमच्या दोन्ही रोगांवर त्याचा परिणाम शून्य. भुरीसाठी मारतात त्या गंधकाचंही तेच, भुरी पानाच्या वर वाढते म्हणून तिथे गंधक चालतं, बुंध्यातल्या कुजीवर नाही.

औषध फुकट होतं, मजुरी ६०० रुपये. खरं नुकसान म्हणजे गुण येईल म्हणून वाट बघण्यात आठवडा गेला आणि कारंज्याजवळचा गोल सहा फुटांचा झाला.

२८ नोव्हेंबर

आज पाण्याच्या टाकीवर चढून वरून फोटो काढला. खालून विखुरलेले वाटणारे ठिपके वरून सरळ रेषेत दिसले. स्टेजपासून प्रवेशद्वारापर्यंत दोन समांतर पट्टे, आणि जेवणाच्या काउंटरसमोर एक आडवा. जिथे जिथे डेकोरेटरची हिरवी मॅटिंग पडते तिथे तिथे ठिपके.

हिशेब मांडला. उघड्या गवतावर रात्री दहाच्या सुमाराला पान दमट होतं आणि सकाळी पावणेदहाला कोरडं. म्हणजे बारा तास. डॉलर स्पॉटला पान सलग दहा-बारा तास ओलं मिळालं की पुरतं, तेव्हा उघडी जागाही काठावरच होती. पण मॅटिंग दुपारी चारला पडते आणि मुलं दुसऱ्या दिवशी अकराला गुंडाळायला येतात. खालचं गवत दिवसा ऊन पाहत नाही, रात्रभर स्वतःच्याच वाफेत राहतं. मॅटिंग उचलून हात घातला तर अकरा वाजताही खाली ओल आणि ऊब दोन्ही होती.

शिवाय ही मॅटिंग काल दुसऱ्या लॉनवर असते, परवा तिसऱ्या. हा रोग पसरतो तो मुख्यतः रोगट पात्यांच्या तुकड्यांतून. चपला, गवत कापायचं मशीन, मॅटिंगची खालची बाजू, कशालाही चिकटून ते जातात.

डेकोरेटरशी बोललो. आधी म्हणाला, रात्री एकला कोण गुंडाळणार. शेवटी ठरलं की हमालांना प्रत्येक कार्याचे ४०० रुपये जास्तीचे आम्ही द्यायचे, पाहुणे गेले की त्याच रात्री मॅटिंग उचलायची, आणि आमच्याकडे टाकण्याआधी पार्किंगमध्ये पसरून झाडायची, ऊन द्यायचं. बाबांना हा खर्च अजिबात पटला नव्हता.

१ डिसेंबर

ओळखीचे वनस्पती रोगशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना मेक्सिकनचे बुंधे दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याला काटकोनात फुटलेली फांदी आणि फुटते तिथे आवळलेली जागा मलाही दिसली. ही रायझोक्टोनिया नावाची बुरशी. झोयसियावरच्या या रोगाला लार्ज पॅच म्हणतात. थंडी सुरू होताना आणि संपताना, म्हणजे गवत मंदावलेलं पण जमीन फार गार नाही, अशा वेळी तो धावतो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला: युरिया कधी टाकला? दिवाळीनंतर, सीझनसाठी हिरवंगार दिसावं म्हणून, कारंज्याभोवती. फोटोत तोच भाग येतो ना.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. लार्ज पॅचला थंडीच्या तोंडावरचं नत्र मानवतं. डॉलर स्पॉटचं उलट, तो उपाशी गवतावर जास्त येतो. स्टेजसमोर आम्ही गणपतीपासून काहीच दिलं नव्हतं, आणि कापलेलं गवत दर वेळी उचलून नेत होतो. म्हणजे एका भागाचं खत बंद आणि दुसऱ्या भागाला थोडं सुरू. औषधंही दोन वेगळी लागणार. ॲझोक्सिस्ट्रोबिन रायझोक्टोनियावर चांगलं, डॉलर स्पॉटवर जवळपास निकामी. ‘एकच भारी औषध सगळीकडे’ हा बेत तिथेच संपला.

४ डिसेंबर

कृषी सेवा केंद्रातून खरेदी: प्रोपिकोनॅझोल २५ टक्के पाव लिटर ३९० रुपये, मॅन्कोझेब अर्धा किलो २६०, ॲझोक्सिस्ट्रोबिन २३ टक्के १०० मिली ४८०. कुठल्याच डब्यावर पिकांच्या यादीत लॉन नाही. भात, गहू, द्राक्षं, मिरची आहे. प्रमाण प्राध्यापकांनी काढून दिलं. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा रंग बघून घ्यावा, लाल आणि पिवळे त्रिकोण माणसं जेवायला बसतात त्या जागी आणायचेच नाहीत असं आम्ही ठरवलं आहे.

संध्याकाळी पाठीवरच्या पंपात नुसतं पाणी भरून चालून बघितलं. एक टाकी, म्हणजे १५ लिटर, हजार चौरस फुटांना पुरायला हवी. काकांच्या नेहमीच्या चालीने ती सहाशे फुटांतच संपली. बागेत झाड ओलं होईपर्यंत मारायची सवय. दोरी आखून, पावलं मोजून तिसऱ्या वेळी जमलं. द्राक्षासाठीचं गोल फवारा देणारं नोझल काढून सपाट पंख्यासारखं फवारणारं लावलं, पन्नास रुपयांत मिळतं, पट्टे सुटत नाहीत.

५ डिसेंबर

आज आणि उद्या कार्य नाही. दहा वाजता, दव पूर्ण सुकल्यावर फवारणी.

स्टेजसमोर पाच हजार फूट: प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिली, मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम. हे पानावरच राहायला हवं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नाही. मेक्सिकनमध्ये अडीच हजार फूट, गोलांच्या बाहेर तीन-चार फूट धरून: ॲझोक्सिस्ट्रोबिन हजार फुटांना १५ मिली, पण पाणी दुप्पट, कारण औषध बुंध्याशी उतरायला हवं. लगेच मागून झारीने हलकं पाणी.

कारंज्यात मासे आहेत आणि ॲझोक्सिस्ट्रोबिन पाण्यातल्या जिवांना घातक असतं. कारंजं मांडवाच्या प्लास्टिकने झाकलं, काठापासून दोन फुटांत फवारलं नाही. मास्क, हातमोजे, बूट. काकांनी मास्क गळ्यात अडकवला होता, दोनदा वर करायला लावला. पंप धुतलेलं पाणी मागच्या पडीक भागात टाकलं.

आदल्या दिवशी गवत कापून घेतलं, मशीनला नवी धार लावून, २०० रुपये. जुन्या पात्याने गवत कापलं जात नव्हतं, फाटत होतं. शेंडे पांढरे फिसकारलेले, आणि रोगाला शिरायला तेवढी जखम पुरते. रोग चालू आहे तोवर कापलेलं उचलायचं आणि मेक्सिकन शेवटी कापायचं, मग मशीन धुऊन उन्हात.

११ डिसेंबर

ढगाळ हवा, रात्री गारवा नाही, पण सकाळी सगळं चिंब. स्टेजसमोर नवा ठिपका नाही. उत्तरेच्या बाजूला मात्र, जिथे मॅटिंग कधीच पडत नाही, तिथे ताजे ठिपके.

कारण सापडायला दोन दिवस लागले. तिथल्या स्प्रिंकलरची वेळ संध्याकाळी साडेसहाची. मैदान बाकीच्या वेळी वापरात असतं म्हणून कोणीतरी पूर्वी ठरवलेली, आणि कार्य नसलं की वॉचमन इमानदारीने चालू करतो. साडेसहाला ओलं झालेलं पान सकाळी पावणेदहापर्यंत ओलं. औषध मारायचं आणि रात्रभर बुरशीला पाणी पाजायचं, असं चाललं होतं.

१,४५० रुपयांचा टायमर बसवला. पाणी आता पहाटे पाच ते साडेसहा. तेव्हा दवाने पान ओलंच असतं, त्यामुळे ओल्या तासांत भर पडत नाही. आणि रोज नाही, पाचव्या दिवशी एकदा, पण बोटभर खोल जाईल इतकं. थंडीत गवत पितं किती!

१५ डिसेंबर

दहिवर झाडायचा प्रयोग. क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांवर पहाटे दोर ओढून दव पाडतात. चाळीस फुटी काथ्याचा दोर, दोन टोकांना दोन माणसं, पावणेसातला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाच मिनिटांचं काम. दव पात्यावरून खाली पडतं आणि पान साडेसातपर्यंत कोरडं होतं, नाहीतर पावणेदहा.

२० डिसेंबर

दोराने घोळ घातला. काका आणि वॉचमन सोयीचं म्हणून स्टेजकडून सुरू करत होते, म्हणजे रोगट भागातून चांगल्या भागाकडे. ओल्या दोराला पात्यांचे तुकडे चिकटतात आणि पुढे झडतात. पूर्वेच्या कोपऱ्यात, जो आजवर स्वच्छ होता, तिथे चार ठिपके. आता दोर चांगल्या भागाकडून रोगट भागाकडे, मेक्सिकनवर अजिबात नाही, आणि काम झाल्यावर उन्हात. काथ्याचा दोर सोडून नायलॉनचा घेतला, पाणी धरत नाही.

पूर्व कोपऱ्यावर फक्त मॅन्कोझेब मारलं. प्रोपिकोनॅझोल लगेच परत नको होतं. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की डॉलर स्पॉट त्याला दाद देईनासा होतो. कार्बेन्डाझिमच्या बाबतीत हे जगभर झालेलं आहे. शिवाय प्रोपिकोनॅझोल गवताची वाढही दाबतं आणि थंडीत ती आधीच कमी असते.

२६ डिसेंबर

आवारातल्या थर्मामीटरवर पहाटे ८ अंश. पेपरात निफाडचा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा येतो, तो आमच्याहून खालीच असतो. स्वयंपाकघरातलं खुपसायचं थर्मामीटर दोन इंच जमिनीत घातलं, सकाळी आठला १३.

बाबांचं म्हणणं, औषधाने काही झालं नाही, गोल तसेच तपकिरी आहेत, परत मारा. रविवारचं मोठं कार्य तोंडावर होतं, त्यामुळे आवाज चढलेला.

गोल तपकिरी राहणारच. या थंडीत झोयसिया जवळपास झोपलेलं असतं. मेलेल्या जागी नवं पातं यायला ऊब लागते आणि ती दीड-दोन महिने मिळणार नाही. औषध रोग थांबवतं, गवत उगवत नाही. थांबला की नाही हे रंगावरून नाही, कडेवरून कळतं. म्हणून ६ तारखेला प्रत्येक गोलाच्या कडेला बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या खोचून ठेवल्या होत्या, केटररच्या सामानातल्या. आज बाबांना वाकून बघायला लावलं. कड काड्यांच्या बाहेर एक बोटही सरकलेली नाही. नारिंगी झाक गेली आहे. कडेचे फुटवे ओढले तर तुटतात, सुटून येत नाहीत. फवारणी नाही.

रविवारी गोलांवर डेकोरेटरच्या फुलांच्या कुंड्या ठेवल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही, एका फोटोग्राफरने तर तिथेच नवरानवरीला उभं केलं.

३ जानेवारी

पौष लागला. कार्यं जवळजवळ नाहीत, वाढदिवस तेवढे. जमिनीत हात घालायला हाच काळ.

स्टेजसमोरून जायच्या वाटेवर माती इतकी घट्ट की खुरपं शिरत नाही, पाणी वर साचतं. सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून अवजार करून घेतलं. टी आकाराचा दांडा, खाली अर्ध्या इंचाचे दोन पोकळ पाइप, टोकाला धार, पायाने दाबायचं की तीन इंच मातीचा गाभा बाहेर. ८५० रुपये.

पहिल्या दिवशी वीस भोकांत पाइप बुजले. दाबली गेलेली माती आत घट्ट बसते, सळईने ठोकून काढावी लागत होती. परत नेलं. त्याने पाइपच्या बाजूला उभी खाच पाडली आणि टोक आतून थोडं निमुळतं केलं, म्हणजे तोंड अरुंद, वर जागा मोकळी. आता मागचा गाभा पुढच्याला वर ढकलतो आणि खाचेतून बाहेर पडतो. आदल्या दिवशी पाणी दिलं तर काम निम्म्या वेळात होतं, चिखलात मात्र करू नये.

भोकांत धुतलेली क्रश सँड झाडूने भरली, अर्धा ब्रास २,६०० रुपये. हे फक्त वाटेवर. मेक्सिकनच्या रोगट भागाला हात लावला नाही, तिथलं भोकं पाडणं आणि दाताळ्याने मेलेला थर ओढणं म्हणजे रोग हातांनी पेरणं. ते काम उन्हाळ्याच्या तोंडावर.

९ जानेवारी

स्टेजसमोर एक टक्का युरियाची फवारणी, लिटरला १० ग्रॅम, हजार फुटांना एक टाकी. दुपारी, कोरड्या पानावर. दाण्याचा युरिया मुद्दाम टाकला नाही, एकदम उसळी नको. कारंज्याकडे काहीच नाही.

१७ जानेवारी

संक्रांत झाली तरी गोल उघडे, आणि फेब्रुवारीच्या तारखा भरलेल्या. बाबांनी नर्सरीतून १२० फूट मेक्सिकनच्या लाद्या मागवल्या, वाहतुकीसकट २,७६०. जुनी माती चार इंच काढून नवी भरली, लाद्या बसवल्या, रोलर फिरवला.

३० जानेवारी

लाद्या फसल्या. वरून हिरव्या दिसतात, पण कोपरा उचलला तर चटईसारखी पूर्ण लादी वर येते. मूळ धरायला लागणारी ऊब जमिनीत नाही. तग धरावा म्हणून रोज शिंपडलेल्या पाण्याने खालची बाजू शेवाळलेली, आणि कारंज्याच्या बाजूच्या लाद्यांचे बुंधे पुन्हा तपकिरी. अर्ध्याहून जास्त फेकल्या. लाद्या फेब्रुवारी संपल्यावर घ्याव्यात, तोवर कुंड्यांनी भागतं.

लाद्यांवर एके ठिकाणी बुटाला नारिंगी पूड लागली. तो तांबेरा, लादीबरोबर आलेला. तेवढी कडा काढून जाळली, पुढे पसरला नाही.

८ फेब्रुवारी

जमीन सकाळी १७ अंशांवर आली. लार्ज पॅचची ही दुसरी वेळ, म्हणून यावेळी गोल दिसायची वाट न बघता मेक्सिकनवर फवारणी केली. औषध बदलून प्रोपिकोनॅझोल, उरलेल्या बाटलीतलं. पाणी दुप्पट, मागून झारी, कारंजं झाकलेलं.

२२ फेब्रुवारी

स्टेजसमोर ठिपक्यांच्या जागी नवं गवत भरून आलं. हरळीचं कुळ आहे, ऊन लागलं की धावतं. मॅटिंगच्या पट्ट्यांत आता ठिपके नाहीत, झाकल्याने आलेला पिवळेपणा आहे, तो वेगळा, दोन दिवसांत जातो. काड्यांच्या बाहेर एकही गोल सरकलेला नाही. मेक्सिकनचे धुमारे कडेकडून आत यायला लागलेत.

९ मार्च

एकूण खर्च: औषधं १,१३०. मॅटिंगची जास्तीची हमाली ८,८००. टायमर १,४५०. अवजार ८५०, वाळू २,६००, धार २००. वाया गेलेल्या लाद्या २,७६०. डाऊनीच्या फवारणीची मजुरी ६००, बाकीची मजुरी ४,२००. बेरीज २२,५९०. नोझल, काड्या, दोर यांची किरकोळ रक्कम धरलेली नाही. सगळ्यात मोठा आकडा हमालीचा, आणि पुढच्या सीझनला पहिल्यांदा तोच ठेवायचा असं आता बाबाच म्हणतात. डेकोरेटरच्या करारातच घालून टाकलं.

काकांना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीवर चालणारी उपयोगी बुरशी, वापरायचं आहे. हरकत नाही, पण ते जिवंत आहे, थंडीत मंद चालतं, रासायनिक बुरशीनाशकाबरोबर मारलं तर तेच मरतं, आणि चालू रोगावर त्याची मात्रा चालत नाही. एप्रिलमध्ये मेक्सिकनचा मेलेला थर दाताळ्याने काढल्यावर, शेणखतात मुरवून देऊ.

ऑक्टोबरसाठी भिंतीवर कागद लावला आहे: मेक्सिकनला सप्टेंबरनंतर नत्र बंद, सिलेक्शन वनला दसऱ्याला हलका हात. दोन इंचांवर जमीन २१ अंशांपर्यंत उतरली की मेक्सिकनवर पहिली फवारणी, गोल दिसण्याआधी. टायमर पहाटेवर. धार.

कारंज्याच्या मागचा, कडुलिंबाखालचा आठ फुटी पट्टा मात्र सोडून दिला. तिथे सावली आहे, आणि हात धुण्याच्या बेसिनचं पाणी पाइपच्या सांध्यातून वर्षभर झिरपतं, हे लाद्यांसाठी खणताना कळलं. बेसिन पार्किंगकडे हलवून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे. गवंड्याने माल-मजुरीसकट १४,००० सांगितले आहेत, १२ वर येईल असं वाटतं.